उंची शेजारच्या टेबलावर

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात एकच लायसन्स होतं, आणि ते बायकोचं होतं. माझ्याकडे मतं होती. गाडी निवडण्याच्या कामात लायसन्सपेक्षा मतांचा उपयोग जास्त, असा माझा समज होता आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

निमित्त झालं आईचं. गुडघे आणि कंबर या दोघांनी मिळून आईला जेरीस आणलंय. जिना ती उतरते, कठडा धरून, वाटेत भेटेल त्याची विचारपूस करत. पण टॅक्सीत बसायचं म्हणजे एकाच वेळी वाकायचं, वळायचं आणि आत सरकायचं. या तिन्ही गोष्टी तिला वेगवेगळ्या जमतात, एकदम जमत नाहीत. मागे मावशीकडे निघताना ती टॅक्सीच्या दारातच अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केलेला, टॅक्सीवाला सांगतोय, "आजी, आधी डोकं घ्या, डोकं," आणि मी बाहेरून ढकलतोय. शेवटी तिला उलटी बाहेर काढली. ती वाटेत कुणाचीही विचारपूस न करता जिना चढून वर गेली, आणि तेव्हापासून "मला कुठं जायचंय आता" हे तिचं पालुपद झालं.

जायचं तिला होतंच, मावशीकडे. मावशी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. तिला आमचे जिने चढवत नाहीत. फोन होता तोवर निभावलं. मग मावशीच्या कानांनी दगा दिला. शेजारी बसून बोललं तर तिला ऐकू येतं, फोनवर मात्र काही कळत नाही, त्यात तिच्या घराला लागूनच पत्रे कापायचा कारखाना. रोज संध्याकाळी आई फोन लावायची आणि विचारायची, "काय करतेस?" तिकडून यायचं, "काय?" मग आई म्हणायची, "काय म्हणालीस?" असं चार-पाच वेळा झालं की आई फोन ठेवून आम्हाला सांगायची, "बरी आहे ती."

एका संध्याकाळी आईने फोन लावलाच नाही. फोनजवळच्या खुर्चीत थोडा वेळ बसली आणि उठून आत गेली. बायको म्हणाली, "अहो, गाडी घेऊ या." मी म्हटलं, "घेऊ या." पहिल्या फटक्यात एकमत होण्याची आमच्या संसारातली ही पहिलीच खेप, त्यामुळे आम्ही दोघंही जरा दचकलो.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन आहे. सरकारी भाषेत मला आरेखक म्हणतात, पण त्या नावाने हाक मारली तर मीही मागे वळून बघत नाही. शहराच्या पोटातून जाणारे नळ कागदावर काढायचे, हे माझं काम. माझ्याकडे लांबी आणि रुंदी. उंची आणि खोली शेजारच्या टेबलावर. त्या टेबलावरच्या गृहस्थांच्या कागदावर एकदा माझा चहा सांडला, तेव्हापासून आम्ही बोलत नाही, पण त्यामुळे काम अडत नाही. मी नळ कुठून कुठे जातो ते काढून कागद पुढे सरकवतो, तो किती खोल जातो ते ते बघतात. शहराला पाणी मिळतंय, तेव्हा ही पद्धत वाईट आहे असं कुणी म्हणू नये.

तर असा शिस्तीचा माणूस गाडी निवडायला बसल्यावर काय होईल? घरभर माहितीपत्रकं झाली. परवडणाऱ्या छोट्या गाड्या म्हणजे एक-दोन असतील असं मला वाटलं होतं. निघाल्या ढीगभर, आणि प्रत्येक स्वतःला आपल्या वर्गातली पहिली म्हणवणारी. सगळ्याच पहिल्या येणारा असा वर्ग माझ्या शाळेत असता तर माझं बालपण सुखाचं गेलं असतं. चाळून चाळून तीन उरल्या. एकीचे दिवे केवढाले, अगदी कपाळापर्यंत गेलेले, तिला आम्ही डोळेवाली म्हणू लागलो. दुसरी उतरती, कारण तिचं छप्पर मागच्या बाजूला सुरेख उतरत गेलेलं. तिसरी डबा. तिला दुसरं काही म्हणताच आलं नसतं. चारही बाजूंनी सरळ, वर छप्पर सपाट, तोंडावर कसलाही भाव नाही.

मी उतरतीच्या प्रेमात पडलो हे लपवण्यात अर्थ नाही. गाडीला चेहरा असतो आणि पाठही असते. लोक चेहरा बघून गाडी घेतात, पण रस्त्यावर मागून येणाऱ्यांना जन्मभर पाठच दिसते. उतरतीची पाठ बघून मागचा माणूस नक्की विचारात पडला असता की पुढे कोण चाललंय. आयुष्यात माझ्याविषयी मागून कुणी असा विचार केल्याचं मला आठवत नाही.

"बाबा, तिला सनरूफ आहे का?" कॉलेजात जाणाऱ्या कन्येचा एकच प्रश्न.

"टॉपच्या मॉडेलला आहे."

"आणि आपण कुठलं घेणार?"

"त्याच्या खालचं. त्याच्याही खालचं."

"मग त्यात मिळतं तरी काय?"

मी माहितीपत्रकातला 'स्टँडर्ड' असा रकाना मोठ्याने वाचून दाखवला. स्टँडर्ड म्हणजे वेगळे पैसे न देता जे मिळतं ते. त्यात सीट बेल्ट होता, डोकं टेकायच्या उशा होत्या, मागची काच पुसायचा वायपर नव्हता, पण तो बसवण्यासाठी सोय मात्र होती. कप ठेवायच्या खाचा इतक्या होत्या की आम्ही चौघांनी दोन्ही हातात कप धरून प्रवास केला असता तरी काही रिकाम्या राहिल्या असत्या. सगळ्यात खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं की चित्रात दाखवलेल्या सर्व वस्तू गाडीबरोबर मिळतीलच असं नाही. चित्रात एक तलाव होता, एक कुत्रा होता आणि दात दाखवणारं एक कुटुंब होतं.

"कुत्रा टॉप मॉडेलला असेल," कन्या म्हणाली.

बायकोला हवी होती गिअर न बदलावे लागणारी गाडी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांना एअरबॅगांची काळजी. त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "दोन एअरबॅगा? फक्त दोन? समजा, देव न करो, पण समजा तुम्हाला बाजूने कुणी ठोकलं तर?" माझ्या बाबतीत देवाने काय काय न करावं याची यादी त्यांच्याजवळ नेहमी तयार असते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "काहीही घ्या. मला काय कळतंय त्यातलं?" आणि आम्ही तिला पुन्हा विचारलं नाही.

माझी खरी अडचण वेगळीच होती. तिन्ही माहितीपत्रकांत आतल्या जागेबद्दल एकच शब्द होता, प्रशस्त. प्रशस्त हे काही माप नव्हे. मी नळाच्या नकाशावर 'प्रशस्त नळ' असं लिहिलं तर मला कामावरून काढतील. आईला बसता येईल की नाही, दार किती उघडेल, पाय कुठून आत जातील, हे कळायला हवं होतं. आणि मला कळतं ते एकाच रीतीने, काढून.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी खडू, दोरी आणि मोजपट्टी घेऊन इमारतीच्या मागच्या चौकात उतरलो. पंपाच्या खोलीशेजारी तिथे सिमेंटची सपाट जागा आहे. त्या जागेवर मी गाड्या काढल्या, शोरूमांना फोन करकरून मिळवलेल्या खऱ्या मापाच्या, एकीवर एक. डोळेवाली निळ्या खडूने, उतरती तांबड्याने, डबा पांढऱ्याने. चाकं, सीटा, गिअरचा दांडा, दारं आणि दारं उघडताना फिरतील त्या कमानीसुद्धा. इतकं देखणं काम मी ऑफिसातही कधी केलं नव्हतं. तिथे कौतुक करायला कोण असतं! इथे गॅलऱ्यांतून माणसं डोकावायला लागली.

मग जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या खाली आणल्या आणि सीटांच्या जागी मांडल्या. बायको ड्रायव्हरच्या जागी बसली, हातात सगळ्यात मोठ्या पातेल्याचं झाकण धरून. मी तिच्या शेजारी, कन्या मागे. "मागे पाय पसरता येतात!" कन्या ओरडली. "आरसा कुठाय? आरशाशिवाय मी निघणार नाही," बायको म्हणाली. विमावाले धावत खाली आले आणि मागच्या खुर्चीत बसून त्यांनी पहिलं काम केलं ते नसलेला सीट बेल्ट लावण्याचं. मला इतका आनंद झाला होता की मी तोंडाने हॉर्न वाजवला. हे पुढे सगळ्या इमारतीत सांगितलं गेलं, पण मला त्याचं काही नाही.

वरून आईचा आवाज आला. "अरे, काय मांडलंय ते?"

"गाडी!"

"चाकं कुठायत तिची?"

"काढलीयत! खाली ये ना!"

ती येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती आली, कठडा धरून, जिन्यात कुणाशीही न बोलता. मी उतरतीचं मागचं दार उघडलं, म्हणजे तसा हात केला. आई कमानीतून आत शिरली, वळली आणि खुर्चीत बसली. इतकंच. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही.

"बसता येतंय की!" ती म्हणाली. मग हातातली पिशवी तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवली, विमावाल्यांना उठवून. "ही तिची जागा," ती म्हणाली. ती म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. मी उगाचच बॉनेटची रेघ पुन्हा गिरवायला गेलो.

तेव्हापासून आई रोज संध्याकाळी खाली येऊन गाडीत बसायला लागली. बायको झाकण घ्यायची, मी रस्ता सांगायचो. आम्ही मावशीच्या घरी जाऊन परत यायचो, पूल ओलांडून, सिग्नलला थांबून. एकदा मी चुकीच्या गल्लीत वळायला सांगितलं तर आईने मागून मला झापलं. मावशीच्या जागेवर पिशवी असायची. दार उतरतीचंच सगळ्यात ऐसपैस उघडत होतं, हे मोजपट्टीने सिद्ध झालं होतं. देखणेपणा आणि सोय यांचा असा मेळ क्वचितच बसतो, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

आणि मग सेक्रेटरी उगवले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पूर्वी नोंदणी कचेरीत होते आणि निवृत्त झाल्याची बातमी त्यांना अजून कुणी दिलेली नसावी. हात मागे बांधून त्यांनी गाडीला एक फेरी मारली. रेघेवर पाय पडणार नाही याची काळजी घेत मारली, हे मी मुद्दाम नमूद करतो.

"ही गाडी कुणाच्या परवानगीने उभी आहे?"

"सेक्रेटरीसाहेब, ही खडूची आहे."

"कशाचीही असो. जागा अडलेली आहे ना? अर्ज द्या."

अर्ज दिला. अर्जाला गाडीच्या नोंदणीचा कागद जोडायला हवा होता. नोंदणी गाडी घेतल्यावर होणार. गाडी घेताना जागेचं पत्र लागणार. जागेचं पत्र सेक्रेटरी देणार, नोंदणीचा कागद बघून. "नियम मी केलेला नाही," ते म्हणाले. नियम त्यांनीच केला होता, खाली त्यांचीच सही होती.

त्यात विमावाल्यांनी भर घातली. त्यांची स्कूटर मागे घेताना ती थेट बॉनेटमधून गेली आणि उतरतीचं तोंड पुसलं गेलं. आता खडूच्या गाडीत खरी स्कूटर घुसल्यावर भरपाई कोण देणार? विमावाले म्हणाले, उभ्या गाडीला धडक म्हणजे चूक माझी, मी लिहून देतो. सेक्रेटरी म्हणाले, गाडी विनापरवाना उभी होती, तेव्हा चूक गाडीची. विमावाले म्हणाले, चूक गाडीची म्हणजे गाडी आहे हे तुम्ही मान्य करता. सेक्रेटरी विचारात पडले. कायद्याच्या कचाट्यात स्वतःच सापडल्याचं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र दिलं. 'चौकात आखलेल्या मापाच्या वाहनास जागा मंजूर.' इतकी सुंदर सरकारी ओळ मी आजवर वाचलेली नाही. ऑफिसात नेऊन मी ती सगळ्यांना दाखवली. फक्त शेजारच्या टेबलावर दाखवली नाही.

शोरूमला निघालो ते वरातीसारखे. आमच्यातल्या तिघांना एका टॅक्सीत कोंबलं. आईची टॅक्सीशी फारकत झालेली, म्हणून विमावाल्यांनी पुतण्याची सामान वाहायची उंच गाडी मागवली, तिच्या पुढच्या सीटवर आई स्टूल ठेवून चढली. विमावाले एअरबॅगा मोजायला आणि सेक्रेटरी मंजूर माप तपासायला बरोबर आलेच. आई ठेवणीतले कपडे घालून निघाली होती. अंबाडाही तिने त्या दिवशी जरा उंच घातला होता.

उतरती तिथे दिव्यांच्या झोतात उभी होती. मला भरून आलं. टाय लावलेला विक्रेता तिच्या अंगावरच्या रेघांवरून हात फिरवत म्हणाला, "सर, ही कॅरेक्टर लाइन. टॉपपासून बेसपर्यंत, सगळ्या मॉडेल्सना स्टँडर्ड." चारित्र्य वेगळे पैसे न देता मिळतंय हे ऐकून मला बरं वाटलं.

"आई, बस," मी म्हटलं. "अगदी आपल्या गाडीत बसतेस तशी."

आईने दाराची कमान बरोबर ओळखली. मला तिचा अभिमान वाटला. ती ऐटीत पुढे झाली, वळली, खाली बसायला गेली आणि तिचं डोकं छपरावर आपटलं. ती थोडी वाकली, पुन्हा बसायला गेली. सीट जिथे असायला हवी होती तिथे नव्हतीच, चांगली वीतभर खाली होती. आई अर्धवट वाकून तशीच थांबली. एक पाय आत, एक बाहेर. अंबाडा छताच्या कडेला अडकलेला.

"आजी, आधी डोकं घ्या," विक्रेता म्हणाला.

हेच वाक्य! जगात दुसरं वाक्य नव्हतं का त्याला? बायकोने पुढे होऊन आईला हळूच बाहेर घेतलं. पुढच्या दाराने बसवून पाहिलं. तिथे डोकं गेलं तर गुडघा जाईना. आईने विस्कटलेला अंबाडा हाताने सारखा केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मी म्हटलंच होतं. मला कुठं जायचंय आता. चला घरी."

मोजमापात माझी चूक? मी मोजपट्टी काढली, दार मोजलं, लांबी मोजली, रुंदी मोजली. सगळं माझ्या खडूशी तंतोतंत जुळत होतं.

"बाबा," कन्या म्हणाली, "तुझ्या गाडीला छप्पर कुठे होतं?"

नव्हतं. खडूच्या गाडीला छप्पर नव्हतं आणि सीटांच्या जागी जेवणाच्या खुर्च्या होत्या. उघड्या आभाळाखाली खुर्चीत बसायला कुणालाही येतं! मी लांबी काढली होती, रुंदी काढली होती आणि उंची काढायची असते हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती नेहमी शेजारच्या टेबलावर जाते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या गृहस्थांची मनापासून आठवण झाली.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. विमावाले म्हणाले, छपराला डोकं लागणं हा अपघातच आहे, तोही गाडी थांबलेली असताना. सेक्रेटरी म्हणाले, पत्र याच गाडीच्या मापाचं आहे, दुसरी घ्यायची तर नव्याने अर्ज. विक्रेता म्हणाला, सीट वर-खाली करायची सोय आहे, पण ती वरच्या मॉडेलला. कन्या म्हणाली, सनरूफ घेतलं तर अंबाडा त्यातून बाहेर काढता येईल, आणि बायकोने तिला डोळ्यांनी गप्प केलं. मी उतरतीच्या पाठीकडे बघत उभा होतो. इतकी सुंदर पाठ आणि माझ्या आईला पाठ दाखवून उभी. मला तिचा खरोखर राग आला.

"आई कुठे गेल्या?" बायकोने अचानक विचारलं.

आई नव्हती. शोरूमभर शोधलं, दारापर्यंत जाऊन आलो. कोपऱ्यात, पाण्याच्या यंत्राशेजारी, त्याच कंपनीचा डबा उभा होता. कुणी बघायला येत नसल्यामुळे त्याच्यावर दिव्याचा झोतही नव्हता. बदामी रंग, सगळ्यात खालचं मॉडेल, चाकांवर नुसत्या साध्या वाट्या. आणि त्याच्या मागच्या सीटवर, दार लावून, आई बसलेली होती. पिशवी शेजारच्या जागेवर.

मी धावत जाऊन दार उघडलं. "आई, तू इथे कशी?"

"पाय दुखले म्हणून जरा टेकले," आई म्हणाली. "दार उघडंच होतं. टेकले, आणि पाय आत घेतले."

"डोकं?"

"डोक्याचं काय? ते आलं माझ्याबरोबर."

मी तिथल्या तिथे मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा मी उंची मोजली. सीट आमच्या जेवणाच्या खुर्चीएवढी आणि छप्पर अंबाड्याच्याही वर, ऐसपैस. हा पेटीसारखा आकार मी कुरूप म्हणून माझ्या तक्त्यात शून्य गुण देऊन बाजूला टाकला होता.

"ही घ्या," आई म्हणाली. इतके दिवस काहीही घ्या म्हणणारी आई! "हिच्यात बसून दार लावलं की तुमचा कुणाचा आवाज येत नाही. मघापासून सगळे नुसते हात करताना दिसत होतात, फार बरं वाटलं."

विक्रेता गडबडून पुढे आला. "सर, यात टचस्क्रीन नाही. मागच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत. स्टायलिंगच्या दृष्टीनेही ही जरा..."

"बसून दाखवू का पुन्हा?" आईने त्याला विचारलं, आणि कुणी होय म्हणायच्या आत ती उतरली, बसली, उतरली आणि परत बसली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनीसुद्धा, फक्त त्यांनी मागे बांधलेल्या हातांनी वाजवल्या असाव्यात, कारण त्या दिसल्या नाहीत.

गिअर बदलावे लागतात यावर बायकोने एक सुस्कारा सोडला आणि आईकडे बघून "चालेल" म्हणाली. जागेच्या पत्राचं मात्र चालेना. पत्र तांबड्या रेघेचं, गाडी पांढऱ्या रेघेची. सेक्रेटरी चौकात वाकून बसले, दोन्ही रेघा तपासल्या आणि पांढरी तांबडीच्या आत बसते, सबब अतिक्रमण नाही, असा निकाल त्यांनी दिला. समोर जी थोडी जागा उरली ती विमावाल्यांच्या स्कूटरला मिळाली. त्या जागेवर मी खडूने स्कूटर काढून दिली, उंचीसकट, बाजूला आकडा लिहून. माणसाने शिकत राहावं.

गाडी घरी आली आणि दुसऱ्याच सकाळी आम्ही मावशीकडे निघालो. मावशीला फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता म्हणून तिच्या शेजारणीला सांगितलं. आईला मी पुढची मानाची जागा देऊ केली. ती सरळ मागे जाऊन बसली, शेजारी पिशवी ठेवून. कन्या तिच्या पलीकडे, खिडकीशी अंग चोरून. बायकोने गाडी काढली आणि मी रस्ता सांगायला सुरुवात केली. हा रस्ता आम्ही इतक्या वेळा गेलो होतो की सगळ्यांना पाठ होता, तरी खरं सांगतो, पूल आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खरा पूल! खाली पाणी! सिग्नलला शेजारी एक उतरती येऊन थांबली. मी मान वळवली नाही. म्हणजे एकदाच वळवली.

मावशीच्या गल्लीत शिरलो तर कारखाना पत्रे कापत होता. एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मावशी फाटकाशी काठी टेकून उभी. गाडी थांबली, मी उतरून आईचं दार उघडायला धावलो, पण मावशी त्याआधीच दुसऱ्या बाजूला पोचली होती. कन्या पटकन उतरली. मावशीने आत डोकावून बघितलं, काठी आत टाकली, सीटवर टेकली, पाय आत घेतले आणि पिशवी उचलून मांडीवर ठेवली. कुणी तिला काही शिकवलं नव्हतं. दार लागलं.

आम्ही तिघं रस्त्यावर. मला वाटलं, दोन मिनिटं बसतील आणि घरात जातील. बायको गाडीच्या नाकावर पडलेली धूळ रुमालाने पुसत होती. समोरून नीट पाहिलं तेव्हा डब्याचा चेहरा मला इतका काही वाईट वाटला नाही. जरा गंभीर वाटला, जबाबदार माणसाचा असतो तसा. कारखान्याचा खणखणाट चालूच होता. थोडी वाट बघून मी मागचं दार उघडलं आणि आत तोंड घालून ओरडलो, "अगं, घरात चला की! इथे काय बसलात?"

त्या आवाजाने मावशी दचकली आणि तिने हात कानामागे नेला. "काय?"

आई माझ्यावर अशी डाफरली की मी पुन्हा शाळेत गेलो. "दार लाव आधी! तिला ऐकू येतंय."

मी दार लावलं. काचेतून दोघींची तोंडं दिसत होती. मावशी काहीतरी सांगत होती, आई हसत होती, मग आई सांगायला लागली आणि मावशी मान हलवायला लागली. आम्ही तिघं बराच वेळ तसेच उन्हात उभे राहिलो, आणि तेवढ्या वेळात मावशीचा हात एकदाही कानामागे गेला नाही.